ब्रॉडकास्ट पॅकेट ‘गेलं’ म्हणतं, पण पोचत नाही: तपासायचं कुठून?

लॅनवरची उपकरणं शोधणारे प्रोग्राम, झोपलेलं मशीन उठवणारं वेक-ऑन-लॅन, एकाच नेटवर्कवर एकमेकांना शोधणारे खेळ, नवीन कॅमेरा किंवा कंट्रोलर सेट करायची साधनं. या सगळ्यांच्या तळाशी यूडीपी ब्रॉडकास्ट, म्हणजे एकाच स्थानिक नेटवर्कवरच्या (लॅनवरच्या) सगळ्यांना एकदम पाठवलेलं पॅकेट, असतं, आणि सगळ्यांची रडगाणीही जवळजवळ सारखीच असतात. हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की तपासण्यांचा क्रम आता हातात बसलाय. फुकट आणि दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी, कोडला किंवा स्विचला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी. त्याच क्रमानं लिहितोय.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते पाहा, कारण अर्धं निदान इथेच होतं.

- पाठवताक्षणी ‘परमिशन डिनाइड’. लिनक्सवर त्रुटी क्रमांक १३, विंडोजवर १००१३. रूट किंवा अ‍ॅडमिन होऊन चालवलं तरी तेच.
- ‘नेटवर्क इज अनरीचेबल’, लिनक्सवर क्रमांक १०१. मशीन आणि उपकरण एकाच केबलनं थेट जोडलेलं असताना, मध्ये राउटर नसताना हे हमखास दिसतं.
- त्रुटी काहीच नाही. पाठवणारं फंक्शन बाइटची बरोबर संख्या परत देतं, पण समोर काही म्हणजे काही पोचत नाही. सर्वाधिक तक्रारी याच असतात.
- व्हीपीएन किंवा वायफाय बंद केलं की चालतं, सुरू केलं की थांबतं.
- पाठवणाऱ्याच मशीनवर ऐकणारा प्रोग्राम लावला तर त्याला मिळतं, शेजारच्या मशीनला मिळत नाही.
- समोरच्याला पोचतं, तो उत्तरही पाठवतो, पण उत्तर आपल्या हाती लागत नाही.
- मॅकवर टर्मिनलमधून चालवलं तर चालतं, अ‍ॅप म्हणून उघडलं की नाही.
- केबलवर ठणठणीत, वायफायवर दहातली दोन-तीन पॅकेटं गायब.

आधी एक गैरसमज काढून टाकू

२५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर पाठवलं म्हणजे मशीनला असलेल्या सगळ्या नेटवर्क कार्डांवरून पॅकेट बाहेर पडतं, असं बहुतेक जण धरून चालतात. मीही बराच काळ धरून चाललो होतो. ब्रॉडकास्ट ही दवंडी आहे हे खरं, पण ती एकाच गल्लीत पिटली जाते आणि कुठल्या गल्लीत ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. पत्त्यात गल्लीचं नावच नसतं. त्यामुळे एका मशीनला केबलचं कार्ड, वायफाय, व्हीपीएनचा बोगदा आणि आभासी मशीनसाठीचं एखादं कार्ड असं चौघांचं कुटुंब असेल, तर पॅकेट त्यातल्या एकाच दारातून जातं. आणि पाठवणारं फंक्शन यशस्वी झालं याचा अर्थ एवढाच, की कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) पॅकेट ताब्यात घेतलं आणि कुठल्या तरी दाराशी नेलं. ते तुम्हाला हवं असलेलं दार होतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

पत्ते दोन प्रकारचे. २५५.२५५.२५५.२५५ हा मर्यादित ब्रॉडकास्ट. तो राउटर कधीच पुढे ढकलत नाही. दुसरा सबनेटचा, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्याचा, ब्रॉडकास्ट: १९२.१६८.१.० हे नेटवर्क आणि २४ बिटांचा मास्क (पत्त्यातले सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे ते सांगणारा आकडा) असेल तर १९२.१६८.१.२५५. यात गल्लीचं नाव आहे, म्हणून सिस्टिमला दार शोधायला अडचण येत नाही. ही पद्धत १९८४ च्या आरएफसी ९१९ या इंटरनेटच्या नियमपत्रापासूनची. त्याआधीच्या ४.२ बीएसडी या युनिक्स सिस्टिममध्ये यजमानाचे (नेटवर्कचे सोडून उरलेले, मशीनचे) बिट सगळे एक करण्याऐवजी सगळे शून्य करत, म्हणजे १९२.१६८.१.० हाच ब्रॉडकास्ट. फार जुन्या उपकरणाशी गाठ पडली तर हे माहीत असलेलं बरं.

१. नको असलेली दारं दोन मिनिटं बंद करा

व्हीपीएन तोडा. केबलवर काम करत असाल तर वायफाय बंद करा. आभासी मशीनच्या सॉफ्टवेअरनं बसवलेली कार्डं नेटवर्क सेटिंगमधून तात्पुरती डिसेबल करा. मग प्रोग्राम परत चालवा.

चाललं, तर कोड, फायरवॉल, स्विच यातलं काहीच बिघडलेलं नाही. पॅकेट चुकीच्या दारातून जात होतं, बस्स. थेट तपासणी ४ वर जा. नाही चाललं, तरी ती कार्डं अजून सुरू करू नका, पुढच्या तपासण्यांत गोंधळ कमी होतो.

एका लॅपटॉपवर यातच माझी अख्खी दुपार गेली होती. टेबलावर कंट्रोलर, केबल जोडलेली, दिवा लुकलुकतोय, आणि शोधणारा प्रोग्राम ‘० उपकरणं सापडली’ म्हणत बसलेला. मी केबल बदलली, पोर्ट बदललं, कंट्रोलर दोनदा रीसेट केला. शेवटी वायरशार्क हे पॅकेटं पकडून दाखवणारं साधन उघडलं. कार्डांच्या यादीत प्रत्येकापुढे रहदारीची छोटी रेघ दिसते. केबलच्या कार्डाची रेघ सपाट होती, आणि खाली एका आभासी कार्डापुढे दर सेकंदाला एक टोक वर येत होतं. त्यावर टिचकी मारली तर एकाखाली एक ओळी: पाठवणारा १९२.१६८.५६.१, घेणारा २५५.२५५.२५५.२५५. आमची सगळी दवंडी एका बंद पडलेल्या आभासी मशीनच्या रिकाम्या गल्लीत चालली होती. तेव्हापासून ही तपासणी पहिली.

२. त्रुटी असेल तर ती नीट वाचा

‘परमिशन डिनाइड’ आलं की लोक फायरवॉलकडे धावतात, नाहीतर प्रोग्राम अ‍ॅडमिन म्हणून चालवतात. त्याचा इथे संबंध नसतो. सॉकेटवर (प्रोग्राम नेटवर्कशी ज्यातून बोलतो त्या टोकावर) ‘एसओ_ब्रॉडकास्ट’ हा पर्याय सुरू केल्याशिवाय कर्नल ब्रॉडकास्ट पाठवू देत नाही. चुकून एखाद्या प्रोग्रामनं साऱ्या नेटवर्कला ओरडून उठवू नये म्हणून घातलेली ही कडी आहे. बीएसडीच्या जुन्या आवृत्त्यांत तर ब्रॉडकास्ट पाठवणं हा विशेषाधिकार होता. आता साधा वापरकर्ताही पाठवू शकतो, फक्त ‘मला खरंच ब्रॉडकास्ट करायचंय’ असं सॉकेटला सांगावं लागतं.

गंमत अशी की हे प्रत्येक भाषेत सारखं नाही. सी, पायथन आणि नोडमध्ये हा पर्याय तुम्हाला स्वतः लावावा लागतो. जावाचं डेटाग्रामसॉकेट आणि गो भाषेची प्रमाण लायब्ररी तो आपणहून लावतात. म्हणून जावात चालणारा प्रोग्राम पायथनमध्ये उतरवला की ‘तोच तर कोड आहे, मग का चालत नाही’ असा प्रश्न पडतो.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’ची गोष्ट वेगळी. लिनक्समध्ये २५५.२५५.२५५.२५५ साठीही राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठल्या दारानं जायचं त्याची यादी) चाळलं जातं, आणि सॉकेट कुठल्याच पत्त्याला किंवा कार्डाला बांधलेलं (बाइंड केलेलं) नसेल तर शेवटी डीफॉल्ट राउट, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच नोंदीत न बसणाऱ्या पॅकेटांची वाट, कामी येतो. राउटर नसलेल्या जोडणीत डीफॉल्ट राउटच नसतो, मग कर्नल हात वर करतं. उपाय दोन: सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ता वापरा, किंवा सॉकेट हव्या त्या कार्डाच्या पत्त्याला बाइंड करा. नुसती अडचण टाळायची म्हणून खोटा डीफॉल्ट राउट घालणारे पाहिलेत. ते करू नका, पुढे दुसरंच काहीतरी त्या वाटेनं जायला लागतं.

आणि सॉकेट यूडीपीऐवजी टीसीपीचं (एकाशीच जोडणी करून बोलणाऱ्या पद्धतीचं) असेल तर इथेच थांबा. टीसीपीला ब्रॉडकास्ट नसतो. आयपी आवृत्ती ६ मध्येही नाही, तिथे मल्टिकास्ट (सामील झालेल्या गटालाच पाठवणं) वापरावं लागतं.

३. पत्ता खरंच ब्रॉडकास्टचा आहे का?

ही तपासणी सोपी वाटते म्हणून वगळली जाते, आणि मग तीच डोक्याला ताप देते. १९२.१६८.०.२५५ पाहिलं की मनात आपोआप ‘ब्रॉडकास्ट’ उमटतं. पण शेवटी २५५ असणं हा निकष नाही, मास्क हा निकष आहे. नेटवर्क वाढलं म्हणून कोणी मास्क २४ बिटांवरून २३ वर आणला, की १९२.१६८.०.० ते १९२.१६८.१.२५५ हा सगळा एकच सबनेट होतो. ब्रॉडकास्ट होतो १९२.१६८.१.२५५, आणि १९२.१६८.०.२५५ हा एखाद्या साध्या मशीनचा पत्ता ठरतो.

आता ज्या प्रोग्राममध्ये जुना पत्ता ठोकून बसवलाय त्याचं काय होतं पाहा. कर्नलच्या दृष्टीनं हे एका मशीनला पाठवलेलं साधं पॅकेट. ते आधी त्या मशीनचा हार्डवेअर पत्ता विचारतं, या विचारण्याला एआरपी म्हणतात. टीसीपीडंप (वायरशार्कसारखंच, पण कमांडवर चालणारं साधन) लावलं तर ही ओळ दर सेकंदाला दिसते: ‘एआरपी, रिक्वेस्ट हू-हॅज १९२.१६८.०.२५५ टेल १९२.१६८.०.४०’. उत्तर देणारं कोणीच नाही. थोड्या वेळानं कर्नल पॅकेट टाकून देतं, आणि कनेक्ट न केलेल्या यूडीपी सॉकेटला त्याचा पत्ताही लागत नाही. पाठवणारं फंक्शन प्रत्येक वेळी यशस्वी. ब्रॉडकास्टला एआरपी कधीच लागत नाही, कारण त्याचा हार्डवेअर पत्ता ठरलेला असतो, अट्ठेचाळीसच्या अट्ठेचाळीस बिट एक. त्यामुळे ब्रॉडकास्ट करताना तुमच्याच ब्रॉडकास्ट पत्त्यासाठी एआरपी दिसली, तर मास्क चुकलाय हे शंभर टक्के.

लिनक्सवर याची एक युक्ती मला फार आवडते. ‘एसओ_ब्रॉडकास्ट’ मुद्दाम काढून टाका आणि पाठवा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर उत्तम, म्हणजे कर्नल हा पत्ता ब्रॉडकास्ट म्हणून ओळखतं. गुपचूप यशस्वी झालं तर कर्नल त्याला साधा पत्ता समजतंय. एका ओळीत खात्री.

दोन्ही बाजूंचे मास्क जुळवून पाहा, फक्त पाठवणाऱ्याचा नको. घेणाऱ्याचा मास्क वेगळा असेल तर त्याच्या लेखी तुमचा सबनेट ब्रॉडकास्ट हा कुणा परक्याचा पत्ता असतो आणि तो पॅकेट टाकून देतो. २५५.२५५.२५५.२५५ ला ही अडचण येत नाही. म्हणूनच कारखान्यातून भलत्याच पत्त्यासह आलेलं, किंवा अजून पत्ताच नसलेलं उपकरण शोधायचं असेल तर तोच वापरावा लागतो.

लिनक्सवर आणखी एक बारीक खाच आहे. ‘आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड’ या कमांडनं हातानं पत्ता दिला आणि ‘बीआरडी’ दिला नाही, तर कर्नल स्वतःपुरता ब्रॉडकास्ट राउट मास्कवरून बनवतं, पण कार्डाच्या नोंदीत ब्रॉडकास्ट पत्ता रिकामा राहतो. जो प्रोग्राम कार्डाला ‘तुझा ब्रॉडकास्ट पत्ता सांग’ असं विचारून पाठवतो त्याला ०.०.०.० मिळतो. ‘आयपी अ‍ॅड्रेस’च्या ओळीत ‘बीआरडी’ दिसतंय का ते बघा. नसेल तर पत्ता ‘बीआरडी +’ लावून परत द्या.

४. कुठलं दार निवडलंय ते सिस्टिमलाच विचारा

अंदाज बांधत बसू नका, प्रत्येक सिस्टिम हे सांगते.

लिनक्सवर ‘आयपी राउट गेट २५५.२५५.२५५.२५५’. उत्तरात ‘डेव्ह’ पुढे कार्डाचं नाव येतं. व्हीपीएननं डीफॉल्ट राउट बळकावलेला असेल तर इथे बोगद्याचं नाव दिसेल, आणि बोगद्याच्या पलीकडे तुमचा प्रिंटर नसतो. सगळे ब्रॉडकास्ट पत्ते एकत्र पाहायचे तर ‘आयपी राउट शो टेबल लोकल’.

विंडोजवर ‘राउट प्रिंट’. यादीत २५५.२५५.२५५.२५५ च्या ओळी प्रत्येक कार्डासाठी एक अशा दिसतात. त्या पाहूनच ‘सगळीकडे जातंय’ असा ग्रह होतो. पण शेवटच्या रकान्यातला मेट्रिक (पसंतीचा आकडा, कमी तो आधी) पाहा. एकाचा २८१ आणि दुसऱ्याचा ३११ असेल, तर पॅकेट २८१ वाल्याकडून जातं, दुसऱ्याकडून नाही. मेट्रिक आपोआप ठरवायला ठेवला असेल तर विंडोज तो कार्डाच्या वेगावरून ठरवतं, वेग जास्त तर मेट्रिक कमी. आभासी कार्ड स्वतःचा वेग बऱ्याचदा खऱ्या कार्डापेक्षा मोठा सांगतं आणि पहिला नंबर पटकावतं. हव्या त्या कार्डाचा मेट्रिक हातानं कमी करून ठेवा: कार्डाच्या आयपी आवृत्ती ४ च्या प्रगत सेटिंगमध्ये, किंवा पॉवरशेलमधून ‘सेट-नेटआयपीइंटरफेस’नं. ज्यांच्या हातात प्रोग्रामचा कोड नाही त्यांच्यासाठी हाच खरा उपाय, आणि तो मशीन रीस्टार्ट केल्यावरही टिकतो.

मॅकवर ‘राउट -एन गेट’ आणि पुढे पत्ता, उत्तरात ‘इंटरफेस’ची ओळ पाहा.

कंटेनर (डॉकरसारख्या साधनानं वेगळ्या कप्प्यात चालवलेला प्रोग्राम) किंवा आभासी मशीनच्या आतून पाठवत असाल तर हाच प्रश्न आत आणि बाहेर दोन्हीकडे विचारा. डॉकरच्या नेहमीच्या ब्रिज (आभासी स्विच) जोडणीत आतलं ब्रॉडकास्ट त्या ब्रिजपुरतंच राहतं, खऱ्या लॅनवर येत नाही. लिनक्स यजमानावर होस्ट नेटवर्क वापरलं की ही भिंत जाते.

५. फायरवॉल आणि परवानग्या

पाठवणं क्वचितच अडतं, अडतं ते उत्तर. कारण समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतो. फायरवॉल लक्षात ठेवते की आतून अमुक पत्त्याला पॅकेट गेलं, आणि त्याच पत्त्याकडून आलेलं उत्तर आत सोडते. ब्रॉडकास्टमध्ये पॅकेट जातं १९२.१६८.१.२५५ ला आणि उत्तर येतं १९२.१६८.१.३७ कडून. फायरवॉलच्या वहीत ३७ चं नावच नाही, म्हणून ती दार लावून घेते.

विंडोजच्या फायरवॉलमध्ये यासाठी खास सवलत आहे: ब्रॉडकास्ट पाठवल्यानंतर ३ सेकंदांपर्यंत आलेली थेट उत्तरं ती आत घेते, नंतरची अडवते. एखादं सुस्त उपकरण चौथ्या सेकंदाला उत्तर देत असेल तर ते ‘कधी सापडतं, कधी नाही’ असं वाटतं. अशा वेळी प्रोग्रामसाठी आत येणारा नियम स्वतंत्रपणे लिहा. तसंच नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलंय का पाहा. नियम ‘प्रायव्हेट’साठी असेल आणि नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर नियम असून नसल्यासारखा. लिनक्सवर ऐकणारं पोर्ट उघडा.

तपासणीपुरती फायरवॉल बंद करून पाहणं चालेल, पण मशीन विश्वासाच्या नेटवर्कवर असेल तरच, आणि मिनिटभरासाठीच. चाललं तर नेमका नियम लिहून ती परत सुरू करा.

मॅकओएस १५ पासून अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगी लागते. सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘लोकल नेटवर्क’मध्ये तुमच्या अ‍ॅपपुढचं बटण सुरू आहे का पाहा. टर्मिनलमधून चालवलेल्या आणि रूट म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामना ही अट नाही, म्हणूनच ‘टर्मिनलमध्ये चालतं, अ‍ॅपमध्ये नाही’ हे लक्षण. आयफोनवर अशी परवानगी आयओएस १४ पासून आहे, शिवाय ब्रॉडकास्ट पाठवण्यासाठी विकसकाला अ‍ॅपलकडून वेगळा हक्क मागून घ्यावा लागतो. तो नसेल तर वापरकर्त्यानं कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग नाही.

६. ऐकणारा कुठे बांधलाय?

पाठवणाऱ्यात काहीच सापडलं नाही तर आता ऐकणाऱ्याकडे वळा. लिनक्स आणि मॅकवर ऐकणारं सॉकेट १९२.१६८.१.१० अशा ठरावीक पत्त्याला बाइंड केलं असेल तर त्याला ब्रॉडकास्ट मिळत नाही. पॅकेटवरचा पत्ता २५५ चा आणि सॉकेटचा १० चा, जुळत नाही म्हणून सोडून दिलं जातं. विंडोजवर मात्र तसंच बाइंड केलेलं सॉकेट त्या कार्डावरचं ब्रॉडकास्ट घेतं. म्हणजे विंडोजवर वर्षभर बिनबोभाट चाललेला प्रोग्राम लिनक्सवर नेला की बहिरा होतो. उपाय: ऐकणारं सॉकेट ०.०.०.० ला बाइंड करा. पाठवणारं सॉकेट विशिष्ट पत्त्याला बांधायचं असेल तर ऐकण्यासाठी दुसरं सॉकेट ठेवा.

इथे दोन फसव्या पुराव्यांपासून सावध राहा. पहिला: लिनक्स आपल्याच ब्रॉडकास्टची एक प्रत स्वतःकडे परत देतं. त्यामुळे त्याच मशीनवरच्या ऐकणाऱ्याला मिळालं म्हणजे तारेवर गेलं असं सिद्ध होत नाही. दुसरा: ब्रॉडकास्ट पत्त्याला पिंग. लिनक्स ब्रॉडकास्ट पिंगला मुळातच उत्तर देत नाही, तशी सेटिंगच सुरुवातीपासून असते. विंडोजही देत नाही. पिंगला उत्तर आलं नाही यावरून काहीही ठरवू नका.

७. दोन्ही टोकांना पॅकेट पकडा

आता वायरशार्क किंवा टीसीपीडंप, पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही मशीनवर. दुसऱ्याच्या नेटवर्कवर असाल तर आधी परवानगी घ्या. पाठवणाऱ्याकडे तीन गोष्टी पाहा: हव्या त्याच कार्डावर दिसतंय का, घेणाऱ्याचा हार्डवेअर पत्ता सगळे बिट एक असा आहे का, आणि पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता त्याच कार्डाचा आहे का. तिसरी गोष्ट बरेच जण पाहत नाहीत. दार बरोबर पण पाठवणाऱ्याचा पत्ता दुसऱ्याच कार्डाचा असेल, तर उपकरण उत्तर भलतीकडे पाठवतं.

पाठवणाऱ्याकडे दिसलं आणि घेणाऱ्याकडेही दिसलं, तरी प्रोग्रामला मिळत नसेल तर तपासणी ५ आणि ६ परत करा. पकडणारं साधन पॅकेट फायरवॉलच्या आधीच बघतं. पाठवणाऱ्याकडे दिसलं आणि घेणाऱ्याकडे नाही, तर प्रश्न मधल्या वाटेचा, तपासणी ९.

पॅकेटचा आकारही बघून घ्या. १५०० च्या एमटीयूवर (एका पॅकेटची कमाल लांबी) यूडीपीला १४७२ बाइट मिळतात. त्याहून मोठा ब्रॉडकास्ट बीएसडी तुकडे करून पाठवत नाही, ‘मेसेज टू लाँग’ म्हणून परत करतं. लिनक्स तुकडे करतं, पण एक तुकडा हरवला की सगळंच वाया. शोधण्याच्या पॅकेटला इतकं मोठं असायचं कारणही नसतं. वेक-ऑन-लॅनचं पॅकेट बघा, ६ बाइट एफएफ आणि मग हार्डवेअर पत्ता १६ वेळा, मिळून १०२ बाइट.

८. कोड तुमच्या हातात असेल तर

इथपर्यंत आलात आणि रोग ‘चुकीचं दार’ हाच निघाला, तर मेट्रिक बदलत बसण्यापेक्षा कोड दुरुस्त करा. सगळी कार्डं मोजा: लिनक्स, मॅकवर ‘गेटआयएफअ‍ॅड्रस’, विंडोजवर ‘गेटअडॅप्टर्सअ‍ॅड्रेसेस’. जी सुरू आहेत आणि ज्यांना ब्रॉडकास्ट येतो ती निवडा. लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलण्याचं कार्ड) आणि बोगदे गाळा. उरलेल्या प्रत्येकासाठी वेगळं सॉकेट उघडा, त्या कार्डाच्या पत्त्याला बाइंड करा आणि त्या सबनेटच्या ब्रॉडकास्टला पाठवा. ब्रॉडकास्ट पत्ता मास्कवरून तिथल्या तिथे काढा, कोडमध्ये लिहून ठेवू नका. यादीही दर वेळी नव्यानं काढा, कारण लोक केबल काढतात, घालतात.

२५५.२५५.२५५.२५५ च हवा असेल तर लिनक्सवर पत्त्याला केलेलं बाइंड कार्ड निवडायला पुरतं, कर्नल त्या पत्त्यावरून कार्ड शोधतं. थेट कार्डाला बांधायचं तर ‘एसओ_बाइंडटूडिव्हाइस’. मॅकवर ‘आयपी_बाउंड_आयएफ’. फ्रीबीएसडीवर ‘आयपी_वन्सबीकास्ट’ लावून सबनेट ब्रॉडकास्टला पाठवा, म्हणजे ते त्या कार्डावरून सगळे एक असं जातं. कार्डाला अजून पत्ताच नसेल तर मात्र यावर भरवसा ठेवता येत नाही. डीएचसीपीचे (नेटवर्ककडून आपोआप पत्ता मागणारे) बरेच क्लायंट म्हणूनच साधं सॉकेट न वापरता त्याच्याही खालच्या थरातून पॅकेट स्वतः बांधून पाठवतात.

वायफायसाठी एकदा पाठवून भागत नाही. ॲक्सेस पॉइंट जेव्हा ब्रॉडकास्ट हवेत सोडतो तेव्हा कोणीही पोच देत नाही, म्हणून हरवलेलं परत पाठवलं जात नाही. झोपेत असलेल्या उपकरणांसाठी ते काही काळ धरूनही ठेवलं जातं. काही शे मिलिसेकंदांच्या अंतरानं तीनदा पाठवा आणि घेणाऱ्यानं दुहेरी आलेलं ओळखून सोडून द्यावं, अशी सोय करा. माझ्या हातचे ‘वायफायवर कधी चालतं, कधी नाही’चे बहुतेक बिघाड एवढ्यानं गेले.

९. मधली वाट

वायफायच्या सेटिंगमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा पाहुण्यांचं नेटवर्क सुरू आहे का पाहा. त्यात उपकरणांना एकमेकांचं काही दिसत नाही, ब्रॉडकास्टही नाही. दोन्ही मशीन एकाच साध्या स्विचला केबलनं जोडून पाहा. तिथे चाललं तर मूळ स्विचमध्ये व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं) वेगळे आहेत किंवा ब्रॉडकास्टवर मर्यादा घातलीय.

दोन मशीन वेगवेगळ्या सबनेटमध्ये असतील तर ब्रॉडकास्ट पोचणार नाही, आणि तो बिघाडही नाही. सबनेटचा ब्रॉडकास्ट राउटर पूर्वी पलीकडे नेत असत. त्याचा गैरफायदा घेऊन स्मर्फ नावाचे हल्ले झाले, एक पिंग टाकून शेकडो मशीनची उत्तरं एखाद्याच्या अंगावर सोडायची. १९९९ च्या आरएफसी २६४४ नं ही सोय राउटरवर मुळात बंद असावी असं ठरवलं. क्लाउडमधल्या आभासी नेटवर्कवरही ब्रॉडकास्टची आशा धरू नका. ॲमेझॉनच्या व्हीपीसीत तो चालत नाही. अशा ठिकाणी उपकरणाचा पत्ता थेट द्या किंवा मध्ये एक नोंदणी सर्व्हर ठेवा.

कुठे थांबायचं

पुढच्या चार ठिकाणी हात आवरा आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा.

केबल जोडल्याबरोबर स्विचचे सगळे दिवे एका लयीत वेडेवाकडे चमकायला लागले आणि सगळ्यांचंच नेटवर्क रेंगाळलं, तर ती केबल ताबडतोब काढा. कुठेतरी वळसा तयार झालाय. इथरनेटच्या चौकटीला आयुष्यमर्यादा नसते, त्यामुळे एकच ब्रॉडकास्ट त्या वळशात फिरत आणि वाढत राहतं. ‘जरा बघू काय होतंय’ म्हणून केबल परत जोडू नका.

पाठवणाऱ्याच्या तारेवर पॅकेट नीट दिसतंय, घेणाऱ्याच्या तारेवर नाही, आणि स्विच तुमच्या ताब्यातला नाही, तर तुमचं काम संपलं. व्हीलॅन, ब्रॉडकास्टची मर्यादा, ॲक्सेस पॉइंटची गाळणी हे त्यांनीच पाहायचं.

राउटरवर सबनेट ब्रॉडकास्ट पुढे पाठवण्याची सोय सुरू केली की सुटेल असं वाटत असेल, तर ती स्वतः सुरू करू नका. कुठून, कुणाला, कुठल्या पोर्टसाठी हे बांधल्याशिवाय ती उघडी ठेवणं धोक्याचं आहे.

आणि नेटवर्कवर चालती यंत्रं, रुग्णांची उपकरणं किंवा सुरक्षेची यंत्रणा असेल तर तपासणी ७ पासून पुढचं काहीही त्यांच्या जबाबदार माणसाशिवाय करू नका.

बोलवताना हे सोबत द्या: दोन्ही मशीनचे पत्ते आणि मास्क, कार्डाची नावं, पोर्ट क्रमांक, तपासणी ४ चं उत्तर जसंच्या तसं, आणि एकाच वेळी दोन्ही टोकांना पकडलेल्या पॅकेटांच्या फायली. दोन्ही मशीनची घड्याळं आधी जुळवून घ्या, म्हणजे इकडचं कुठलं पॅकेट तिकडे हरवलं ते सेकंदावर बोट ठेवून दाखवता येतं.